रेंजबाहेर गेलेली गाडी नकाशावर परत येते, मधला माग येत नाही : काय काय तपासायचं

“काल साडेधाक गाडी सड्यार दिसली, मगे एकदम चार वाजता फाट्यार. मदी खंय होती ती?”

असा फोन मला आठवड्यातून दोन-तीनदा येतो. राजापूर ते कणकवली या पट्ट्यात मी गाड्यांचं वायरिंग करतो आणि त्यातलं निम्मं काम आता जीपीएस ट्रॅकरचं झालंय. चिऱ्याचे डंपर, जेसीबी, खाणीवरचे जनरेटर, आंब्याच्या हंगामात धावणारे पिकअप, आणि पावसाळा संपत आला की होड्या. गाव बदलतं, गाडी बदलते, बिघाड बहुतेक तोच असतो. तो शोधायचा क्रम आता माझ्या हातात बसलाय. तोच इथे लिहितोय, फुकटात होणाऱ्या तपासण्या आधी आणि खर्चाच्या शेवटी.

लिहिण्याचं आणखी एक कारण आहे. अशा फोनमध्ये दुसरं वाक्य बहुतेक वेळा ड्रायव्हरबद्दल असतं. गाडी कुठे नेली, डिझेल कुठे काढलं, ट्रॅकर मुद्दाम बंद केला का. दोन वर्षांपूर्वी एका खाणमालकांनी याच संशयावरून एका डंपरवाल्याचा अर्धा पगार रोखून धरला होता. मी जाऊन डॅशबोर्डची खालची पट्टी काढली. ट्रॅकरची लाल वायर मूळ वायरीला नुसती पिळून जोडलेली होती आणि वर काळी टेप. टेप सोडवली तर आतलं तांबं पार हिरवं पडलेलं, पितळेच्या भांड्यात ताक कळकतं तसं. दोन बोटांत धरलं तर वायर तुटली आणि बोटांना हिरवी भुकटी लागली. गाडी खड्ड्यात आदळली की जोड सुटायचा, पुढच्या खड्ड्यात परत लागायचा. त्या माणसाचा पगार त्याच संध्याकाळी दिला गेला, पण महिनाभर त्याने खाली मान घालून काम केलं होतं. म्हणून हात जोडून सांगतो, माणसाला विचारण्याआधी यंत्र तपासा.

आधी लक्षण नीट ओळखा

ॲपमध्ये त्या दिवसाचा मार्ग उघडा आणि नकाशा मोठा करून बघा. “दिसत नाही” या एका तक्रारीत पाच-सहा वेगवेगळे आजार लपलेले असतात.

दोन ठिपक्यांमध्ये सरळ रेघ, आणि ती रेघ वाघोटणच्या खाडीवरून किंवा डोंगराच्या पोटातून गेलेली. याचा अर्थ मधल्या वेळेची एकही नोंद आलेली नाही. ॲपने फक्त दोन टोकं जोडली.

माग उशिरा आला, पण वळणावळणाचा आणि रस्त्यावर बसणारा आला. हा बिघाड नाहीच. यंत्र जसं चालायला हवं तसं चाललंय.

गाडी पळतेय, ॲपमध्ये वेळ पुढे सरकतेय, ठिपका मात्र कालच्याच जागी चिकटलाय. इथे यंत्राला आकाश दिसत नाही.

गाडी उभी आहे आणि ठिपका पन्नास-शंभर मीटरच्या घेरात नाचतोय. हेही आकाशाचंच दुखणं, फक्त सौम्य.

रोज संध्याकाळी ठरावीक वेळेला गायब, सकाळी ठरावीक वेळेला हजर. ही वीज तोडली जातेय.

माग सगळा आहे, पण साडेपाच तास मागे-पुढे, किंवा तारीखच भलत्या वर्षाची. हा वेळेचा गोंधळ, त्याच्यावर पुढे येतो.

आणि फक्त पावसात होणारा बिघाड. मिरगानंतर आला आणि दसऱ्याला आपोआप गेला, तर नव्वद टक्के तो एखाद्या जोडात शिरलेल्या पाण्याचा असतो. यातला आकडा माझ्या अनुभवाचा धरा, मोजलेला नाही.

यंत्राची दोन कामं

हे समजलं की अर्धा बिघाड घरबसल्या सापडतो. ट्रॅकरला आपण कुठे आहोत हे आकाशातून कळतं. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरचे जीपीएस उपग्रह सतत आपली वेळ आणि जागा सांगत असतात. त्यातले किमान चार ऐकू आले की यंत्र स्वतःची जागा काढतं. त्यासाठी सिम लागत नाही, टॉवर लागत नाही, रिचार्ज लागत नाही. दुसरं काम आपल्याला कळवण्याचं. ते मात्र सिममधून, मोबाइल टॉवरवरून होतं.

म्हणजे रघुवीर घाटात किंवा एखाद्या वहाळाच्या (ओढ्याच्या) तळाशी रेंज गेली तरी पहिलं काम चालूच राहायला हवं. यंत्राने जागा काढत राहायची, स्वतःच्या मेमरीत टिपत जायची आणि रेंज आली की साठलेलं सगळं पाठवायचं. रेंज नसणं आपल्याकडे नवीन नाही. सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या माळावर, चार दांड्या आणि खाली वाडीत शून्य, फोन करायचा तर सडा चढायचा, हे कोकणात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. रेंज जाणं हा बिघाड धरू नका. रेंज परत आल्यावरही मधला माग न येणं, हा बिघाड. “जास्त रेंजवालं मशीन द्या” म्हणून चार-पाच हजार घालवणारे बरेच भेटतात आणि नव्या यंत्रातही तेच रडगाणं राहतं, कारण दुखणं टिपण्यात असतं आणि औषध कळवण्याला दिलेलं असतं.

पहिली तपासणी : ॲपमधल्या दोन वेळा

पैसे शून्य, वेळ दोन मिनिटं. बहुतेक ॲपमध्ये गाडीच्या तपशिलात दोन वेगळ्या वेळा असतात. एक, यंत्राने जागा कधी काढली ती. दुसरी, सर्व्हरला निरोप कधी मिळाला ती. एकच दिसत असेल तर कंपनीच्या माणसाला फोन करून दुसरी विचारा, त्यांच्या पडद्यावर ती असतेच.

निरोप ताजा आणि जागेची वेळ जुनी, तर यंत्र जिवंत आहे, सिम चालू आहे, आकाश दिसत नाही. थेट अँटेनाकडे जा. दोन्ही जुन्या आणि गाडी रेंजमध्ये उभी आहे, तर वीज नाहीतर सिम. दोन्ही ताज्या, पण कालच्या मार्गात भोक, तर मेमरी किंवा सेटिंग. मी गाडीला हात लावण्याआधी हे विचारतोच. निम्म्या वेळा पुढची फेरी वाचते.

दुसरी : सिमची वैधता आणि जात

रिचार्ज संपलंय का ते बघा. हसण्यावारी नेऊ नका. दहा गाड्या असल्या की दहा तारखा असतात आणि एखादी राहून जाते.

मग सिमची जात. जुने स्वस्त ट्रॅकर फक्त २जीवर चालतात. जिओचं २जी नाहीच, त्यामुळे त्या यंत्रात जिओचं सिम घालून काही उपयोग नाही. ४जी यंत्र असेल तरी त्या खाणीवर, त्या घाटाच्या तोंडाशी नेमकी कुणाची रेंज आधी येते ते स्वतः जाऊन बघा. वेगवेगळ्या कंपन्यांची सिमं असलेले दोन साधे फोन घेऊन गाडीच्या वाटेने एकदा जा आणि कुठे कुणाच्या दांड्या दिसतात ते कागदावर लिहा. शहरात बसून “या कंपनीची रेंज चांगली” म्हणण्याला इथे अर्थ नाही. एका वाडीत जे चालतं ते पलीकडच्या वाडीत चालत नाही, मधे एक टेकाड आडवं आलं की संपलं.

यंत्रासोबत तेरा आकडी नंबरचं सिम आलं असेल तर ते यंत्रांसाठीचं खास सिम असतं. ते काढून फोनमध्ये घालून तपासत बसू नका. त्याच्या डेटाची सेटिंग वेगळी असते, एसएमएसवरही बंधनं असतात, त्यामुळे फोनमध्ये ते मेल्यासारखं वाटेल आणि तुम्ही चुकीच्या निष्कर्षाला याल.

तिसरी : रात्री कटऑफ कोण काढतं?

जेसीबी, पोकलेन, बऱ्याच डंपरांना बॅटरीचा कटऑफ स्विच असतो. काम संपलं की ऑपरेटर तो फिरवून चावी खिशात घालतो, आणि ते बरोबरच करतो, बॅटरी वाचते, चोरीचा धाक कमी होतो. पण ट्रॅकर कटऑफच्या पुढे जोडला असेल तर तोही झोपतो. आतली छोटी बॅटरी काही तास तग धरते. एआयएस-१४० या गाड्यांच्या ट्रॅकरसाठीच्या सरकारी मानकाच्या यंत्रात किमान चार तासांची अपेक्षा आहे. जुन्या झालेल्या बॅटरीकडून अर्ध्या तासाचीही धरू नका. “संध्याकाळी सात ते सकाळी आठ गाडी गायब” या तक्रारीत मी सगळ्यात आधी हेच विचारतो. ऑपरेटरला विचारताना आवाज चढवू नका. तो मशीन जपतोय. वायर कटऑफच्या आधी, थेट बॅटरीच्या टोकावरून फ्यूज घालून घ्यायची, एवढाच उपाय.

चौथी : यंत्राला आकाश दिसतंय का?

प्लॅस्टिक, फायबर, काच, ताडपत्री यांतून उपग्रहाचा सिग्नल आत येतो. पत्र्यातून येत नाही. चोराला सापडू नये म्हणून लोक ट्रॅकर सीटखालच्या लोखंडी पेटीत लपवतात आणि मग जागा दाखवत नाही म्हणून तक्रार करतात. डॅशबोर्डच्या वरच्या प्लॅस्टिकखाली, अँटेनाची बाजू आकाशाकडे करून बसवा. कुठली बाजू वर ते यंत्रावर छापलेलं असतं. उलटं बसवलेलं यंत्र उघड्यावर कसंबसं चालतं, घाटात साफ पडतं. म्हणूनच “मोकळ्या रस्त्यावर चालतं, घाटात नाही” हे ऐकलं की मला आधी उलट्या यंत्राची शंका येते.

चिरेखाणीचं आणखी एक. खाण खोल गेली की चहूबाजूंनी चिऱ्याच्या उभ्या भिंती आणि वर आकाशाचा एक चौकोन उरतो. त्या चौकोनात उपग्रह कमी दिसतात आणि भिंतींवरून परावर्तित होऊन आलेला सिग्नल यंत्राला फसवतो. ठिपका नाचतो तो त्यामुळे. दाट झाडीखाली, पावसात, ओल्या पानांखाली थोडंफार तसंच होतं. खाणीच्या तळाशी उभ्या मशीनचा ठिपका पन्नास मीटर हलला तर कुणी मशीन हलवलं असं समजू नका.

बाहेरची अँटेना असेल तर तिच्यावर लाल चिखलाचा थर बसलाय का बघा. ओला चिखल सिग्नल खातो. फडक्याने पुसा, वायर कुठे चेपलीय का ते बोट फिरवून बघा, स्क्रूचा जोड हाताने घट्ट करा. अँटेना बदलायची वेळ यानंतर येते, आधी नाही.

तपासायला गाडी सड्यावर उघड्यावर आणा, चावी चालू करा आणि पाच-दहा मिनिटं हलवू नका. बरेच दिवस बंद असलेल्या यंत्राला उपग्रहांची माहिती नव्याने गोळा करावी लागते, त्याला थोडा वेळ द्यायला हवा. उघड्या आकाशाखाली पंधरा मिनिटांतही जागा सापडली नाही तर अँटेना किंवा आतला भाग गेलाय.

पाचवी : वीज, फ्यूज आणि आपली खारी हवा

इथे थोडं थांबतो, कारण माझ्याकडे येणाऱ्या बिघाडांत सगळ्यात मोठा वाटा याचाच आहे. घाटावर ज्या जोडाला दहा वर्षं काही होत नाही, तो देवगड-मालवणच्या किनाऱ्यावर दोन पावसाळ्यांत खलास होतो. खारी हवा, दमट उकाडा, आणि त्यावर चिऱ्याची लाल धूळ. ती धूळ टेपच्या फटीत शिरते, पाणी धरून ठेवते आणि तांब्याला आतून खात राहते. बाहेरून वायर ठणठणीत दिसते.

फ्यूज आधी बघा. दोन रुपयांची वस्तू आहे. नुसता डोळ्याने नको, काढून टोकं बघा. फ्यूज चांगला आणि होल्डरच्या पात्या हिरव्या, असं फार वेळा सापडतं. फ्यूज उडालेला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा एकदा घाला. परत उडाला तर थांबा. मोठा फ्यूज किंवा वायरीचा तुकडा घालून गाडी चालवू नका, आतली वायर जळेल.

मग मल्टिमीटर. तीन-चारशे रुपयांत मिळतो, गाड्या बाळगणाऱ्या प्रत्येकाकडे असावा. ट्रॅकरच्या प्लगवर मोजा, बॅटरीवर नव्हे. बारा व्होल्टच्या गाडीत इंजिन बंद असताना साडेबाराच्या आसपास, इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४. चोवीस व्होल्टच्या डंपरला याच्या दुप्पट. बॅटरीवर १२.६ आणि प्लगवर ११ दिसलं तर मधला दीड व्होल्ट एखादा कळकलेला जोड गिळतोय. काळी वायर विसरू नका. बॉडीच्या रंगावरच अर्थिंग घेतलेलं असतं आणि रंगाखाली गंज. अर्धे लोक लाल वायरीचा पाठलाग करत बसतात.

आता नेमकी मोजणी. एकाने स्टार्टर मारायचा आणि दुसऱ्याने त्याच क्षणी प्लगवर मीटर बघायचा. बॅटरी म्हातारी असेल तर स्टार्टर फिरताना व्होल्टेज धाडकन खाली येतं. बहुतेक ट्रॅकर नऊ व्होल्टच्या खाली दम सोडतात. आतली बॅटरीही मेलेली असेल तर यंत्र त्या क्षणी बंद पडून नव्याने सुरू होतं. मार्ग भलत्याच ठिकाणी तुटतो आणि तुटलेली जागा दरवेळी गाडी सुरू करण्याचीच असते. हे जुळलं तर ट्रॅकर निर्दोष आहे, बॅटरी बदला.

जोड करताना पिळून टेप लावण्याची पद्धत आपल्याकडे सोडूनच द्या. सोल्डर करा किंवा चांगला क्रिम्प (दाबून बसवायचा जोड) घ्या, वर स्लीव्ह चढवा, त्यावर रबर टेप. बॅटरीच्या टोकांना पेट्रोलियम जेली. जोड खाली लोंबत ठेवू नका, वायरला एक झोल द्या म्हणजे पाणी जोडाकडे न जाता झोलाच्या तळाशी येऊन गळेल. पावसाळ्यात उंदीर इंजिनच्या उबेला येतात आणि वायरी कुरतडतात, वायर नळीतून नेली तर तोही प्रश्न सुटतो.

सिमचे सोनेरी ठिपके काळवंडले असतील तर पोरांच्या खोडरबराने हलक्या हाताने पुसा, कोरड्या फडक्याने झटका, परत बसवा. मात्र यंत्रावर सील असेल तर उघडू नका. त्याचं कारण शेवटी आहे.

सहावी : मेमरीची परीक्षा

इथवर सगळं ठीक निघालं तर आता खरा प्रश्न, यंत्र टिपतंय का? ही परीक्षा मी प्रत्येक नव्या यंत्राची, गाडीला बसवण्याआधीच घेतो.

यंत्र बंद करा, सिम काढा, चालू करा. उघड्या जागी दहा मिनिटं थांबा म्हणजे जागा सापडेल. मग चार-पाच किलोमीटरचा वळणांचा फेरा मारून या. फेरा असा निवडा की नकाशावर ओळखू येईल. परत आल्यावर बंद करा, सिम घाला, चालू करा आणि भरपूर रेंजमध्ये पाऊण तास ठेवा. तो फेरा वळणांसकट नकाशावर उमटला तर मेमरी उत्तम आहे. नाही उमटला तर अजून दोष देऊ नका. आता सिमसकट, यंत्र बंद न करता, रेंज नसलेल्या एखाद्या वहाळात जाऊन या. या वेळी माग आला, तर यंत्र तात्पुरत्या मेमरीत टिपतं आणि वीज गेली की सगळं विसरतं. अशा यंत्राला अखंड वीज द्यावी लागेल. दोन्ही वेळा काहीच आलं नाही, तर त्यात साठवण नाही किंवा सेटिंगमध्ये बंद आहे. विकणाऱ्याला हा निकाल सांगा. “मेमरी आहे का?” या प्रश्नाला सगळे हो म्हणतात, फेऱ्याचा नकाशा समोर ठेवला की खरं बोलणं सुरू होतं.

सातवी : किती वेळाने टिपायचं?

इथे थोडा हिशोब आहे. एआयएस-१४० यंत्रात किमान ४०,००० नोंदींची जागा असावी लागते. दर दहा सेकंदांनी एक नोंद धरली तर दिवसाला ८,६४० झाल्या. म्हणजे साडेचार दिवसांत वही भरली आणि मग जुनी पानं पुसून त्यावरच नवीन लिहिणं सुरू. डंपर रोज रेंजमध्ये येतो, त्याला हे पुरून उरतं. पण खाणीच्या तळाशी पंधरा दिवस बसलेल्या जेसीबीच्या पहिल्या दहा दिवसांचा माग यात जातो. नोंद मिनिटाला एक केली तर तीच वही जवळजवळ २८ दिवस पुरते. खाणीतल्या मशीनला आणि जनरेटरला चावी बंद असताना अर्ध्या तासाला एक, चालू असताना मिनिटाला एक, हे मला पुरेसं वाटतं. गाडीला मात्र वळणावर नोंद घेण्याची सेटिंग चालू ठेवा, नाहीतर घाटाचा रस्ता नकाशावर करवतीसारखा दिसतो.

दुसरी गोष्ट पाठवण्याच्या वेळेची. गाडी एका माथ्यावर येते, तीन मिनिटं रेंज मिळते आणि ती पुन्हा दरीत उतरते. काही यंत्रं आधी ताजी जागा पाठवतात आणि साठलेली नंतर, तेवढ्यात रेंज जाते. साठा तसाच राहतो, पुढच्या माथ्यावर पुन्हा तेच. यावर एक साधा उपाय मी कित्येक ठिकाणी केलाय. वाटेत रेंज चांगली असलेली एक जागा ठरवायची, चहाचं हॉटेल म्हणा नाहीतर वजनकाटा, आणि गाडी तिथे चावी चालू ठेवून दहा मिनिटं उभी करायला सांगायची. ड्रायव्हरचा चहा होतो, दिवसभराचा माग येऊन पडतो.

हेही करून भोक राहिलं तर कंपनीला एकच प्रश्न विचारा, तुमचा सर्व्हर उशिरा आलेल्या नोंदी घेतो की टाकून देतो? काही ठिकाणी काही तासांपेक्षा जुनी नोंद नाकारण्याची अट घातलेली असते. यंत्र बिचारं सगळं पाठवतं आणि पलीकडे ते केराच्या टोपलीत जातं. असा एक महिना मी गाडीखाली वाया घालवलाय.

वेळेचा गोंधळही याच घरातला. उपग्रहांकडून येणारी वेळ जागतिक असते, आपली घड्याळं तिच्या साडेपाच तास पुढे. यंत्राने साडेपाच मिळवले आणि सर्व्हरनेही मिळवले की माग साडेपाच तास पुढे सरकतो, कुणीच नाही मिळवले की साडेपाच तास मागे. सेटिंग एकाच जागी ठेवा. तारीख जवळजवळ वीस वर्षं मागची दिसत असेल तर ते जुनं मॉड्यूल आहे. जीपीएसचा आठवड्यांचा आकडा १,०२४ आठवड्यांनी शून्यावर येतो, शेवटचा ६ एप्रिल २०१९ च्या रात्री आला, आणि ज्यांच्या आतल्या प्रोग्रामने ते सांभाळलं नाही ती यंत्रं भूतकाळात गेली. नवा प्रोग्राम मिळत नसेल तर यंत्र बदला, दुरुस्तीवर पैसे घालू नका.

रेंज कधीच येत नाही अशी जागा

मशीन महिनोन्‌महिने रेंजबाहेरच असेल आणि रोज खबर हवी असेल, तर मात्र वरच्या कुठल्याच तपासणीने काम होणार नाही. दोन वाटा आहेत. एक, लोरा, म्हणजे थोड्या विजेत लांबवर छोटे निरोप पाठवणारी रेडिओची पद्धत. ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे परवान्याशिवाय वापरायला खुला आहे. सड्यावर जिथे नेट आहे तिथे एक गेटवे (निरोप घेऊन नेटवर टाकणारी पेटी) आणि खाली मशीनवर छोटा ट्रान्समीटर. मधे डोंगर आडवा नसेल तर काही किलोमीटर सहज जातं. खाणीसाठी मला हे सगळ्यात शहाणपणाचं वाटतं.

दुसरी वाट उपग्रहावरून निरोप पाठवण्याची, आणि इथे सावध राहा. परदेशातून कुणी नातेवाईक सॅटेलाइट फोन किंवा उपग्रहावरून मेसेज पाठवणारं छोटं यंत्र आणून देतो म्हणाला तर नको म्हणा. दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय ते जवळ बाळगणं हाच आपल्याकडे गुन्हा आहे. सागरी किनाऱ्यावर तर पोलीस याकडे फार गांभीर्याने बघतात. परवानगीने घ्यायचं असेल तर बीएसएनएलची उपग्रह सेवा आहे, तिथे रीतसर अर्ज करा.

होड्यांचं वेगळं. समुद्रात थोडं आत गेलं की मोबाइलचा ट्रॅकर मुका होतो. मासेमारीच्या होड्यांसाठी इस्रोने बनवलेला दुतर्फा निरोप देणारा ट्रान्सपॉन्डर आता सरकारी योजनेतून बसवला जातो, देशभरच्या एक लाख होड्यांच्या या योजनेची सुरुवात ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरला झाली. तुमच्या होडीला तो मिळाला नसेल तर मत्स्यव्यवसाय खात्याच्या परवाना अधिकाऱ्याकडे विचारा. आणि होडी शाकारून ठेवता तेव्हा ट्रॅकरची वायर बॅटरीवरून काढून ठेवा. दोन महिने हळूहळू रिकामी झालेली बॅटरी परत उभी राहत नाही, आणि मग नारळी पुनवेच्या तोंडावर माझ्या दारात रांग लागते.

इथे हात थांबवा

एआयएस-१४० चं सीलबंद यंत्र उघडू नका, त्याची वायर हलवू नका. सार्वजनिक प्रवासी गाड्यांना ते कायद्याने लागतं आणि फिटनेसला बघितलं जातं. गौण खनिज (चिरा, वाळू, खडी) वाहणाऱ्या गाड्यांचा ट्रॅकर राज्य सरकारच्या महाखनिज या ऑनलाइन प्रणालीला जोडलेला असतो, तो बंद दिसला की वाहतूक पासाची अडचण होते. दोन्हीकडे अधिकृत बसवणाऱ्यालाच बोलवा आणि केलेल्या कामाचा कागद घ्या.

पिवळ्या प्लगच्या वायरी एअरबॅगच्या असतात, त्यांना टेस्ट लॅम्पसुद्धा लावू नका. नव्या बीएस-६ गाड्यांत ईसीयूच्या (इंजिनच्या कॉम्प्युटरच्या) वायरीतून वीज घेऊ नका. जळका वास, गरम वायर, दुसऱ्यांदा उडालेला फ्यूज, यांपैकी काहीही दिसलं तर बॅटरीचं टोक काढा आणि इलेक्ट्रिशियनला फोन करा. ट्रॅकरची आतली बॅटरी फुगली असेल तर ती दाबू नका, टोचू नका, यंत्र गाडीतून काढून उघड्यावर ठेवा.

ट्रॅकरवरून इंजिन बंद करणारा रिले (विजेवर चालणारा स्विच) बसवला असेल आणि गाडी मधेच बंद पडत असेल तर ती घाटात नेऊच नका. तो रिले फक्त स्टार्टरच्या वायरीत हवा, डिझेलच्या वायरीत नको. उतारावर इंजिन बंद पडलं तर ब्रेक जड होतो, स्टिअरिंग जड होतं, आणि खाली काय आहे ते आपल्याला माहीत आहे.

आणि गाडीबरोबर किंवा होडीबरोबर माणूस बेपत्ता असेल, तर मल्टिमीटर खाली ठेवा. जमिनीवर ११२, समुद्रात तटरक्षक दलाचा १५५४. शेवटची जागा आणि तिची वेळ ॲपमधून वाचून दाखवा, ती आठवणीतून सांगू नका.

मेकॅनिकला फोन करण्याआधी एवढं कागदावर लिहून ठेवा : ॲपमधल्या दोन्ही वेळा, प्लगवरचं व्होल्टेज इंजिन बंद, चालू आणि स्टार्टर मारताना, सिम कुठल्या कंपनीचं, मार्ग कुठल्या गावाजवळ तुटतो, आणि मेमरीच्या फेऱ्याचा निकाल. हे हातात असलं तर फोनवरच बऱ्याच गोष्टी सुटतात, आणि यावं लागलंच तर येणारा माणूस बरोबर सुटा भाग घेऊन निघतो.